फोटोखालच्या ओळी

ओसरी निवारा, नांदूरघाट
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

सत्यम,

फोनवर तू हं हं म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून मेलवर लिहून पाठवतेय. मावशीला सांगू नकोस की अक्का भांडली. भांडण नाही, पण माझा जीव थाऱ्यावर नाही.

आपली साइट मोडलीय. सकाळी उघडली तर सगळे फोटो गायब. फोटोच्या जागी नुसते करडे चौकोन. बरं, तेवढंच असतं तर मी दुपारपर्यंत थांबले असते. खाली एक लालभडक पट्टी आलीय. ‘दिवाळी महाबचत, त्वरा करा.’ तिच्यात घड्याळाचे आकडे उलटे पळतायत आणि एक पोरगी दात काढून हसतेय. मोबाइलवर ही पट्टी नेमकी आपल्या पत्त्यावर आणि फोन नंबरवर बसते. ओसरी चालवणाऱ्या वनमालाबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि मला विचारलं, आपण काही विकायला काढलंय का?

तुला ही साइट म्हणजे तीन वर्षांपूर्वी सुटीत येऊन केलेलं एक छोटं काम वाटतं. इथं काय आहे ते पुन्हा सांगते. घर विसरलेली, रस्त्यावर फिरणारी माणसं पोलीस आणतात, कधी एसटीचा कंडक्टर आणून सोडतो. आम्ही त्यांना न्हाऊ घालतो, खाऊ घालतो, अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवतो आणि फोटो काढतो. फोटोखाली चार ओळी, कुठं सापडले, कधी, स्वतःचं नाव काय सांगतात. जे इथंच गेले त्यांचेही फोटो ठेवतो, कारण उशिरा का होईना, घरच्यांना कळायला पाहिजे. कुठंतरी कोणीतरी रोज शोधत असतं रे. मागच्या महिन्यात परभणीकडची दोन भावंडं आली, बापाला घेऊन गेली. फोटो पाहूनच आली होती.

आता त्या जागी ही पोरगी हसतेय. आजच्या आज बघ.

रोहिणीअक्का

---

पुणे
८ ऑक्टोबर

अक्का,

झालं काम. फोटो परत आलेत, उघडून बघ.

काय झालं ते सांगतो. फोटो दाखवायला आपण एक प्लगइन वापरतो, म्हणजे साइटला जोडायचा तयार पुर्जा. कंपनी त्याचं नवं रूप काढते तेव्हा ते आपोआप बदलतं. मीच तसं लावून ठेवलं होतं, नाहीतर जुन्या पुर्ज्यातून चोर शिरतात. या वेळच्या अपडेटमध्ये काहीतरी गडबड होती, बऱ्याच लोकांच्या साइट झोपल्या. मी तुमचे फोटो पुन्हा एकदा जोडले. पंधरा-वीस मिनिटांचं काम होतं, तू उगीच रक्त आटवलंस.

पट्टीचं म्हणशील तर आपण ते फुकट वापरतो, त्यामुळे जाहिरात येणारच. कंपन्यांनाही पोट असतं. पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक फुली आहे. ती दाबली की जाते.

दिवाळीच्या आधी आमच्या ऑफिसात फार धावपळ असते. माजलगावला घरी यायला जमेल असं वाटत नाही. आईला, म्हणजे तुझ्या मावशीला, तू समजावून सांग.

सत्यम

---

नांदूरघाट
१४ ऑक्टोबर

सत्यम,

फोटो आले, त्याबद्दल शाबास. आता फुलीचं ऐक.

तुझी ती फुली मुंगीच्या डोळ्याएवढी आहे. आमच्या गाडीवरचा भारत, त्याची बोटं तुला माहीत आहेत, स्टिअरिंग धरून धरून जाड झालेली. त्यानं तीन वेळा दाबली आणि तिन्ही वेळा खरेदीचं पान उघडलं. मी नखानं दाबली तेव्हा गेली, आणि दुसरा फोटो उघडला की परत हजर. मी आत माहिती भरायला गेले तर तिथंही वरून खालपर्यंत सूचनांची रांग. आम्हाला पाच तारे द्या. महागडं रूप घ्या. खरंच नको म्हणताय का, विचार करा. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ‘त्वरा करा’ चिकटलेलं मला बघवत नाही. ही पट्टी ज्यानं कुणी बनवली त्यानं आयुष्यात कधी कुणाची वाट बघितलेली नसणार.

केशरबाई माझ्याशेजारी शेंगा फोडत बसतात. त्यांचं सांगितलं होतं ना तुला, उन्हाळ्यात केज बसस्थानकावर सापडल्या त्या. फक्त ‘केशर’ एवढंच सांगतात, गाव विचारलं की ‘आमचंच की’ म्हणतात. त्या पट्टीतल्या पोरीकडं रोज बघतात. काल म्हणाल्या, “ही लई हसती. हिला सासू न्हाई का?” मला हसू आलं, पण नंतर पुष्कळ वेळ चैन पडलं नाही.

आणखी एक गोष्ट. माजलगावचे एक अडते आपल्याला दरवर्षी ज्वारी देतात, त्यांच्याकडं माझा नंबर आहे. त्यांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, तुमच्या साइटवर दाढीवाल्या बाबांच्या फोटोखाली ‘आढळल्या’ असं लिहिलंय, बाबांची बाई केली का? मी इथं कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळं जिथल्या तिथं होतं. तरी तू एकदा बघ. मला हल्ली या साइटचा भरवसाच वाटत नाही. वनमालाबाई म्हणतात, ते बंद करून टाक, कागदावर फोटो छापून स्टँडवर लावू. मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ बघतोय.

रोहिणीअक्का

---

पुणे
१६ ऑक्टोबर

अक्का,

घाईत आहे, थोडक्यात लिहितो. अडत्यांच्या फोनमध्ये साइटची जुनी, बिघडलेली प्रत साठून राहिली असेल. असं होतं. त्यांना ब्राउझरची साठवण साफ करायला सांग. तुझ्याकडं बरोबर दिसतंय म्हणजे बरोबरच आहे.

पट्टी दिवाळी झाली की जाईल. तोवर जरा सोस. वनमालाबाईंना सांग, कागद लावला तर नांदूरघाटातले लोक बघतील, साइट जग बघतं.

घरी येत नाही हे आईला सांगितलंस का? ती मला फोनवर काही बोलत नाही, नुसती गप्प राहते.

सत्यम

---

नांदूरघाट
शनिवार, २५ ऑक्टोबर

सत्यम,

दिवाळी झाली. मावशीकडे फराळाला जाऊन आले. त्यांनी तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात वेगळ्या ठेवल्यात.

दरवर्षी दिवाळीत आमचा फोन सारखा वाजतो. सणाला ताट वाढताना माणसाला हरवलेलं माणूस आठवतं, मग ते शोधायला लागतात. या वर्षी एक फोन आला नाही. आधी मला वाटलं, लाइनच बंद आहे. भारतला बाहेर पाठवून त्याच्या मोबाइलवरून लावून बघायला सांगितलं. वाजला. मग दोन दिवस मी त्या फोनसमोर नुसती येरझाऱ्या घालत होते.

आज मोबाइलवर पट्टी घालवायला गेले आणि माझ्याही हातून चुकून ती दाबली गेली. खरेदीचं पान उघडलं. रागानं मी ते खाली सरकवत गेले, म्हटलं कोण माणसं आहेत तरी कळू दे, यांना एक पत्रच लिहिते. सगळ्यात खाली ‘आमची टीम’ म्हणून फोटो होता. दुसऱ्या रांगेत, निळा शर्ट, मागच्या वर्षी मीच तुला बीडहून घेऊन दिलेला. फोटोखाली तुझं नाव, आणि त्याखाली तू काय करतोस ते.

बॅनर.

तू मला कंपनीत काम करतो म्हणाला होतास, ‘साइटचंच काहीतरी’. मीही खोदून विचारलं नव्हतं. पण मी तुला दोन पत्रं लिहिली. त्या पट्टीबद्दल जे मनात आलं ते लिहिलं. आणि तू मला सांगितलंस की कंपन्यांना पोट असतं.

मला उत्तर नको. पट्टी काढ.

रोहिणी

---

पुणे
सोमवार, २७ ऑक्टोबर

अक्का,

हो, मीच. दीड वर्षापासून तेच काम करतो. पट्टी कुठं बसली की लोक जास्त दाबतात ते बघायचं आणि तिथं बसवायची. फुली पहिल्यांदा मोठी होती. वरून सांगितलं लहान कर, मी केली. तो पुर्जा आमच्याच कंपनीचा. ओसरी तो वापरते हे मला ठाऊक होतं, पण लाखभर साइटमध्ये ती एक होती. तू लिहायला लागलीस तेव्हा सांगणार होतो, मग वाटलं दिवाळी जाऊ दे. यावर तुला जे बोलायचं ते बोल. पण मी आत्ता लिहितोय ते त्यासाठी नाही.

काल रविवार होता. तुझं पत्र वाचून मी बसलो आणि तो पुर्जाच साइटवरून काढून टाकायचं ठरवलं. काढायच्या आधी रूममेटच्या नव्या फोनवर साइट उघडली, ज्यावर ती आधी कधीच उघडली नव्हती. अक्का, तुझे अडते बरोबर होते. जुनी प्रत त्यांच्याकडं नव्हती, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. तिथं फोटो नवे आले, खालच्या ओळी मात्र साठवलेल्या जुन्याच राहिल्या, म्हणून तुला सगळं ठीक दिसत होतं. मी तुला नेमकं उलटं सांगितलं.

बाहेर जगाला दिसत होतं ते असं: प्रत्येक फोटोखाली त्याच्या पुढच्या फोटोची माहिती. नव्या अपडेटनं मोजायची पद्धत बदलली होती. मी आठ तारखेला फोटो परत जोडले तेव्हा सगळ्या ओळी एकेक घर सरकल्या. मी फोटो आले एवढंच बघितलं. खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही.

आता सगळं बरोबर केलंय, कालच. पट्टीही गेली. पण जवळजवळ तीन आठवडे ते तसंच होतं. तुमच्या यादीत निधनाची नोंद असलेला एक फोटो आहे ना? त्या ओळी कुणाच्या फोटोखाली गेल्या होत्या ते तूच ओळखशील. मला चेहरे माहीत नाहीत.

सत्यम

---

नांदूरघाट
२८ ऑक्टोबर

सत्यम,

केशरबाई.

श्रावणात एक म्हातारी आमच्याकडं गेली. तिला बोलताच येत नव्हतं, त्यामुळं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या फोटोआधी केशरबाईंचा फोटो आहे. म्हणजे तीन आठवडे केशरबाईंच्या हसऱ्या फोटोखाली हे होतं, मीच लिहिलेलं: ‘नाव सांगता येत नव्हते. अंबाजोगाई बसस्थानकाजवळ आढळल्या. ऑगस्टमध्ये अल्पशा आजाराने निधन. अंत्यसंस्कार संस्थेने केले.’

नाव नाही, त्यामुळं चुकलंय असं बघणाऱ्याला वाटायलाही जागा नाही. आणि विचारावं म्हटलं तर नंबरवर तुझी पट्टी.

मी वनमालाबाईंना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्या उठल्या, केशरबाईंच्या जवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या सुपातल्या शेंगा फोडायला लागल्या. केशरबाईंना आनंद झाला, सोबत मिळाली म्हणून.

मी स्वतःला सांगते, कुणी बघितलं नसेल. मग दुसऱ्या क्षणी वाटतं, बघितलं असेल तर? कालपासून फाटक वाजलं की मी उठते. जेवायला बसले की वाटतं बाहेर कोणीतरी उभं आहे. भारत केशरबाईंचा फोटो छापून केज, नेकनूर, मांजरसुंबा करत फिरतोय. प्रत्येक कागदावर मी हातानं लिहिलं, ‘या सुखरूप आहेत.’

तुला कॉम्प्युटरमधून कळतं ना कोण काय बघतं? कुणी बघितलं ते शोध. बाकी आपलं जे आहे ते नंतर बघू.

रोहिणी

---

पुणे
३१ ऑक्टोबर

अक्का,

शोधलं. नाव-गाव कळत नाही, कळणारही नाही, पण जे कळलं ते लपवत नाही.

केशरबाईंचा फोटो दिवाळीच्या तोंडावर एकाच फोनवरून पुन्हा पुन्हा उघडला गेलाय. पहिल्यांदा उघडला, थोड्या वेळानं परत, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. साधा स्वस्तातला फोन आहे, लहान पडद्याचा. अशा पडद्यावर पट्टी जवळजवळ अर्ध्यापर्यंत येते.

पुढचं मला आमच्या ऑफिसातल्या नोंदीत सापडलं. आमच्याकडं पट्टीवर पडलेलं प्रत्येक बोट मोजतात. त्या फोनवरून पट्टी दाबली गेलीय, परत परत. प्रत्येक वेळी खरेदीचं पान उघडलं, लगेच बंद केलं, परत दाबली. तो माणूस पट्टी बाजूला सारून खालचा नंबर वाचायचा प्रयत्न करत होता. आमच्या तक्त्यात त्याच्यापुढं हिरवा ठिपका आहे. हिरवा म्हणजे उत्सुक गिऱ्हाईक.

मी तो तक्ता छापून काल बैठकीत नेला. सगळं सांगितलं, ओसरी काय आहे, त्या ओळी काय होत्या. माणसं वाईट नाहीत, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साहेबांनी विचारलं, ती संस्था आपल्यावर काही करणार आहे का, तसं काही नाही असं त्यांच्याकडून लिहून मिळेल का? मी म्हणालो, मी मागणार नाही. मला या कामातून काढून दुसरं काही द्या, नाहीतर मी जातो, असंही सांगितलं. अजून उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

साइट मी हातानं नवीन लिहिली. त्यात कुठलाच पुर्जा नाही, आपोआप काही बदलत नाही. दिसायला साधी आहे. नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. प्रत्येक फोटो आणि त्याखालच्या ओळी मी ताडून बघितल्यात, पण तूही बघ. या वेळी माझ्यावर सोडू नकोस.

रोज फोन करतो, तू उचलत नाहीस. कळतंय मला. कोणी आलं तर तेवढं कळव.

सत्यम

---

नांदूरघाट
सोमवार, १० नोव्हेंबर

सत्यम,

केशरबाई परवा आपल्या घरी गेल्या. कशा गेल्या ते तुला नीट सांगितलं पाहिजे, म्हणून फोन न करता लिहितेय.

शनिवारी सकाळी फाटकाशी दोघं येऊन उभी राहिली. नवरा-बायको. त्याच्या डोक्यावर टोपी होती आणि मिशा काढलेल्या होत्या. मी काही विचारायच्या आधी मला कळलं होतं.

गहिनीनाथ नाव त्यांचं. आष्टीकडचे, कड्याजवळ गाव आहे. उन्हाळ्यात कड्याच्या आठवडी बाजारात आई त्यांच्यामागं चालत होती, वळून बघितलं तर नाही. कोणत्या तरी एसटीत बसली असणार. पोलिसांत दिलं, नगरपर्यंत शोधलं, नातेवाइकांत शोधलं. दिवाळीच्या तोंडावर गावातल्या कोणीतरी आपली साइट दाखवली.

फाटकातच उभं राहून ते म्हणाले, “माझी माय हितं वारली म्हणं. अंबाजोगाईत विचारलं, तवा दवाखान्यातल्या बाईनं तुमचा पत्ता दिला. राख असंल तर राख द्या. न्हाईतर तिच्या अंगावरचं लुगडं तरी.”

मी दहा दिवस मनात घोकून ठेवलं होतं, कोणी आलं तर काय बोलायचं. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग हळूहळू. त्यातलं काहीच झालं नाही. मी म्हणाले, “दादा, तुमची आई आहे.”

त्यांना कळलं नाही. “हाय म्हंजी?”

मी सांगायला लागले, चुकीच्या ओळी पडल्या, आमच्याकडून चूक झाली, कॉम्प्युटरमध्ये असं असं झालं. त्यांनी त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. मग मी बोलायचं थांबवलं आणि दोघांना आत घेऊन गेले.

केशरबाई मागच्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. पाठमोऱ्या. शेंगांचं सूप पुढ्यात. गहिनीनाथ दारातच थांबले, एक पाऊल पुढं टाकीनात. चौकट धरून उभे राहिले. तिथंच, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ते माझ्याशी बोलले. माझ्याकडं न बघता.

म्हणाले, दिवाळीत घरात दिवा लावला नाही. बहिणी आल्या, रडल्या. तुमचा नंबर दिसंना, ती हसणारी पोरगीच मधी यायची. अंत्यसंस्कार झाले असं लिहिलं होतं, मग म्हटलं आता निदान पुढचं तरी करावं. दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळा शिवंना. सगळ्यांनी मिळून तिला जे जे कबूल करायचं ते केलं, धाकटीला नांदवू, तुझी गाय विकणार नाही, तुझी देवाची फेरी पुरी करू. उन्हं डोक्यावर आली. कावळे झाडावर बसून होते, खाली एक येईना.

“शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला,” ते म्हणाले. “घरी येऊन मी भिताडावर डोकं आपटलं, बाई. मला वाटलं, मी बाजारात मागं वळून बघितलं न्हाई, तिचा राग अजून गेला न्हाई. आन् ती हितं शेंगा फोडत व्हती.”

मी हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दिल्या नाहीत.

तू विचारशील म्हणून सांगते, तुझं नाव मी घेतलं नाही. आमच्याकडून झालं, असंच म्हणाले. त्यात मीही आहेच. अडत्यांनी सांगितलं होतं तेव्हा मी मोबाइलवरही त्या ओळी वाचून बघू शकत होते. मी पट्टीवर चिडण्यात गुंतले होते. पण तुझ्यावरचा राग पुरता गेलाय असंही नाही. नोकरीचं काय ते कळव. आणि त्याआधी एकदा माजलगावला जाऊन आईसमोर बस. काही बोलू नकोस, नुसता बस.

तर, ते दारात उभे होते. त्यांची बायको मागून आली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना पुढं ढकललं. ते गेले आणि केशरबाईंच्या समोर उकिडवे बसले. टोपी काढून हातात घेतली. डोक्यावर नुकतीच बारीक खुंटं आली होती.

केशरबाईंनी वर बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मला वाटलं ओळख लागणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगूनही ठेवलं होतं. त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली, हात लुगड्याला पुसला आणि त्याच्या डोक्यावरून फिरवला. पुढून मागं, मागून पुढं.

“आरं नाथा,” त्या म्हणाल्या, “कोण गेलं?”

वनमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या.

“कोणी न्हाई, माय.”

“मंग डोस्कं कावून काढलंस?”

त्यांनी एकदा बायकोकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, “उवा झाल्या व्हत्या.”

केशरबाईंनी सुनेकडं असं बघितलं की ती रडता रडता चपापली आणि पदर सावरून उभी राहिली. मग त्यांनी सूप बाजूला सारलं, लेकाचा दंड धरून त्याला खाली ओढला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो एवढा मोठा बाप्या, पाय पोटाशी घेऊन मातीत आडवा झाला. केशरबाई उन्हाकडं तोंड करून वाकल्या आणि त्या खुंटांमधून बोटं चालवायला लागल्या, अगदी जवळून, डोळे बारीक करून. सापडण्यासारखं तिथं काही नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.

रोहिणीअक्का